वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे इंग्रजी आणि मुलांच्या तोंडचे इंग्रजी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे इंग्रजी शिकणे, शिकवणे आणि त्यासाठी मोबाईल, स्मार्ट टीव्ही, अॅप यांचा वापर याविषयी आहेत. पत्रे लिहिणारे शिक्षक आहेत, पालक आहेत, एक विद्यार्थिनी आहे आणि घरी पर्यटकांची सोय करणाऱ्या एक गृहिणीही आहेत. त्यांतील पाच पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ३६ मुले आहेत. मागच्या वर्षी गावाच्या लोकसहभागातून आम्हाला मोठा स्मार्ट टीव्ही मिळाला. सुरुवातीला मुले इतकी आनंदली, की इंग्रजीच्या तासाची वाट पाहत बसायची. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड वापरून, ‘दीक्षा’ या शासनाच्या शैक्षणिक अॅपवरील आणि यूट्यूबवरील व्हिडिओ शोधून मी रात्री उशिरापर्यंत तयारी करत असे. दिवाळीनंतर मात्र मुले टीव्हीसमोरही जांभया देऊ लागली. चाचणीतले गुण जिथे होते तिथेच आहेत आणि इंग्रजीत एक वाक्य बोलायला सांगितले, की वर्ग चिडीचूप होतो. माझे काय चुकते आहे? मुलांमध्ये प्रेरणा निर्माण कशी करावी?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण हाच अनुभव शिकवण्याच्या काळात मीही घेतला आहे आणि त्या वेळी वाटलेली निराशा मला आठवते. तुमच्या मेहनतीत काहीही उणे नाही. पहिल्या काही महिन्यांत मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो टीव्ही आल्याचा होता. इंग्रजी येऊ लागल्याचा नव्हता. नवी वस्तू वर्गात आली, की लक्ष वेधले जाते आणि वस्तू जुनी झाली, की ते लक्ष ओसरते. लक्ष वेधले जाणे आणि शिकावेसे वाटणे या दोन गोष्टी आपण फार सहज एक समजतो.

आता एक साधा हिशेब मांडून पाहा. तुमचा तास ३५ मिनिटांचा धरला आणि तुम्ही स्वतः एक शब्दही न बोलता सगळा वेळ मुलांना दिला, तरी एकामागून एक उभे करून बोलते केल्यास ३६ मुलांतील प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. प्रत्यक्षात त्या ३५ मिनिटांतील वीस-पंचवीस मिनिटे व्हिडिओ बोलतो, उरलेली आपण बोलतो आणि मूल बसून राहते. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्या वर्गातील मूल सातव्या वर्षी इंग्रजी ऐकते आहे, पण त्या सात वर्षांत स्वतःच्या मनातले एखादे वाक्य इंग्रजीत बोलण्याची वेळ त्याच्यावर किती वेळा आली असेल, याचा विचार केला, की चिडीचूप वर्गाचे कारण समजते. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आले आणि वाचता येणाऱ्यांपैकी ७३.५ टक्के मुलांना त्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे अक्षरे वाचून दाखवणारी, परंतु त्यांतून काय सांगितले आहे हे न उमगलेली मुले आपल्या वर्गांत आहेत, आणि अशा मुलासमोर कितीही सुंदर व्हिडिओ लावला, तरी तो त्याच्यासाठी केवळ हलती चित्रे ठरतो.

म्हणून टीव्ही बंद करू नका, पण त्याचा आवाज बंद करून पाहा. बाजारात दोन माणसे बोलत आहेत, असा एखादा व्हिडिओ निवडा आणि त्यातली फक्त चाळीस-पन्नास सेकंदे आवाजाशिवाय दाखवा. मग दोघादोघांच्या जोड्यांना विचारा, की ही माणसे काय बोलत असतील. आधी मराठीत ठरवू द्या. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे हा गुन्हा नाही आणि ज्या मुलाला मनात काय म्हणायचे आहे हे ठाऊक आहे, तेच मूल ते इंग्रजीत कसे म्हणावे याची विचारपूस करते. नंतर प्रत्येक जोडीने दोन-तीन वाक्ये इंग्रजीत जुळवावीत, एकमेकांना म्हणून दाखवावीत आणि शेवटी तुम्ही आवाज सुरू करून तोच भाग लावावा. आता मुले कान टवकारून ऐकतील, कारण आपले म्हणणे बरोबर निघाले का, हे त्यांना जाणून घ्यायचे असेल. अठरा जोड्या एकाच वेळी बोलतात म्हणजे वर्गात गलका होईल, शेजारच्या वर्गातून तक्रारही येईल. तो गलका सोसण्यासारखा आहे, आणि मुख्याध्यापकांना त्याची कल्पना आधीच देऊन ठेवावी.

प्रेरणेबद्दल तुम्ही थेट विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात जो सिद्धान्त मांडला, त्यानुसार माणूस आपणहून एखाद्या कामात रमतो त्यामागे तीन गरजा असतात : काय करायचे यात आपल्याला काही निवड असावी, हे आपल्याला जमते आहे असे वाटावे आणि ज्यांच्यासोबत आपण हे करतो त्यांच्याशी आपले नाते असावे. टीव्हीवरील पाठ या तिन्हींपैकी कशालाच हात लावत नाही. व्हिडिओ शिक्षकाने निवडलेला असतो, मुलाला काय जमले हे तो सांगत नाही आणि मूल जे बोलेल ते ऐकणारे पडद्यापलीकडे कोणीही नसते. मला स्वतःला यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

दहा-बारा वर्षांपूर्वी कराडच्या बाजूला एका शाळेत मी आठवीला शिकवत होते. वर्गात एक मुलगा होता, जो इंग्रजीच्या तासाला वर मान करत नसे. त्यांच्या शेतावर हंगामात गुऱ्हाळ चालायचे आणि तेव्हा तो शाळाही बुडवायचा. रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत माझी मैत्रीण शिकवत होती. आम्ही दोघींनी ठरवले, की दोन्ही वर्गांनी आपापल्या गावातली एक गोष्ट मोबाईलवर इंग्रजीत बोलून एकमेकांना पाठवायची. विषय मुलांनी निवडायचा. त्या मुलाने गुऱ्हाळ निवडले. वडिलांच्या फोनवर त्याने ते सात वेळा ध्वनिमुद्रित केले आणि पहिली सहा मुद्रणे स्वतःच पुसून टाकली, कारण त्याला ती पसंत पडली नाहीत. सातवे मुद्रण आम्ही पाठवले. त्यात मागे चरकाची घरघर ऐकू येते, आजोबा कोणाला तरी काहील उतरवायला सांगतात तेही ऐकू येते, आणि मध्ये हा मुलगा एकेक शब्द तोलत बोलतो. मुद्रण करण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारले होते, “बाई, काकवीला इंग्रजीत काय म्हणायचं?” मला चटकन एक शब्द सुचला नाही, तसे मी त्याला सांगितले. त्याने स्वतःच वाट काढली : “नॉट ज्यूस, नॉट जॅगरी. बिट्वीन.” व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य नव्हे, पण काकवीचे याहून नेमके वर्णन मला आजही करता येणार नाही. चार दिवसांनी कोकणातून उत्तर आले, त्यात एका मुलीने विचारले होते, “हाऊ हॉट?” त्या एका प्रश्नासाठी तो मुलगा शब्दकोश घेऊन मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्यानंतर कोकणातल्या मुलांनी फणसाची साठे कशी वाळवतात ते सांगितले आणि प्रश्न विचारण्याची पाळी आमच्या वर्गाची आली.

त्या उपक्रमात होते काय? एक साधा मोबाईल आणि महिन्याचे थोडे नेट. मुलाला त्याने जे दिले ते असे, की आपले बोलणे पुन्हा ऐकता आले, चारचौघांत चुकण्याआधी एकट्याने सुधारता आले आणि ज्याला खरोखर माहीत नाही अशा माणसाला काही सांगता आले. झोल्तान डॉर्नेई या भाषाप्रेरणेच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये अशी मांडणी केली, की परकी भाषा शिकणाऱ्याच्या मनात ती भाषा वापरणाऱ्या स्वतःचे चित्र उभे राहिले, तर ते चित्रच त्याला पुढे ओढते. आपल्या मुलांच्या मनात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचे चित्र असते, परंतु ते बहुधा शहरातील, सुटाबुटातील, कोणा दुसऱ्याचेच असते. स्वतःच्या आवाजातील इंग्रजी वाक्य फोनवर ऐकले, की त्या चित्रातला चेहरा बदलू लागतो.

चाचणीचे गुण लगेच वाढतील अशी अपेक्षा मनाशी धरू नका. त्याऐवजी जूनमध्ये प्रत्येक मुलाचे अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ठेवा आणि तेच पुन्हा डिसेंबरमध्ये करून दोन्ही त्यालाच ऐकवा. “मला जमू लागले आहे” हे मुलाला पटवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आणि रात्री जागून एकट्याने तयारी करणे थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या राज्यात २०१६ पासून शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून चालवलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात परिसरातील शिक्षकांचे गट एकत्र बसून इंग्रजीच्या तासांबद्दल बोलत आणि मधल्या काळात व्हॉट्सअॅपवर एकमेकांच्या संपर्कात राहत. आपल्या केंद्रातील तीन-चार शिक्षकांनी मिळून असा गट केला, तर आवाज बंद करून दाखवण्याजोगे व्हिडिओ शोधण्याचे काम वाटून घेता येईल, आणि ज्या वर्गाला मुद्रणे पाठवायची तो दुसरा वर्गही आपसूकच मिळेल.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत, सेमी-इंग्रजीला आहे. आम्ही लातूरला राहतो. मोबाईलवरील इंग्रजी शिकवणाऱ्या एका अॅपवर त्याने सलग २१४ दिवस एकही खाडा न करता अभ्यास केला आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. परंतु पाहुणे आले आणि “दोन वाक्ये इंग्रजीत बोलून दाखव” म्हटले, की तो मान खाली घालतो. मग या अभ्यासाचा उपयोग काय? माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे आणि मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्याला मदत करता येत नाही, याचे वाईट वाटते.

उत्तर : सर्वप्रथम, पाहुण्यांसमोर बोलायला लावणे आजपासून बंद करावे, अशी विनंती करते. पाहुण्यांना त्याच्याकडून काही जाणून घ्यायचे नसते. ती परीक्षा असते, आणि तीही ज्यांच्यासमोर नापास होणे सर्वांत जिव्हारी लागते अशांच्या देखत.

अॅपवरील अभ्यास फुकट गेलेला नाही. शब्द विसरण्याच्या बेतात असताना तो पुन्हा समोर आणणे, हे अशी अॅप चांगले करतात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये हेच काम कागदाच्या चिठ्ठ्या आणि कप्पे केलेल्या खोक्याने करण्याची रीत लोकप्रिय केली होती. येणारा शब्द पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा विचारला जातो, न येणारा पहिल्या कप्प्यात परततो. मात्र चार पर्यायांतून योग्य शब्दावर बोट ठेवणे म्हणजे शब्द ओळखणे होय. बोलताना समोर पर्याय नसतात, शब्द आतून यावा लागतो, आणि त्याचा सराव तुमच्या मुलाला २१४ दिवसांत फारसा मिळालेला दिसत नाही.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. तो रात्री झोपण्यापूर्वी घाईघाईने सर्वांत सोपा धडा उरकून दिवसांची साखळी टिकवतो का, याकडे तीन-चार दिवस लक्ष द्या. तसे असेल, तर तो आता इंग्रजीसाठी नव्हे, त्या आकड्यासाठी अॅप उघडतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना त्यांनी आधीच सांगितले, की चित्र काढल्यास सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत ही मुले, बक्षिसाचा विषयच न निघालेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढण्यात घालवताना दिसली. बक्षीस न सांगता अचानक मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही. यावरून अॅप काढून घेण्याचा निष्कर्ष काढू नका. एकदम हिरावून घेतले तर तो दुखावेल. फक्त २१४ चे कौतुक थोडे कमी करा आणि “आज कोणता शब्द गमतीचा वाटला?” हे विचारणे सुरू करा.

तुम्हाला इंग्रजी येत नाही, ही अडचण आहे असे तुम्ही लिहिले आहे. मला ती फार मोठी सोय वाटते. त्याला क्रिकेट आवडत असेल, तर टीव्हीवरील सामन्याचा आवाज बंद करून एका षटकाचे धावते वर्णन त्याला इंग्रजीत करू द्या आणि षटक संपल्यावर विचारा, “आता तू काय म्हणालास, मला मराठीत सांग बरं.” तुम्हाला ते खरोखरच ठाऊक नसल्यामुळे त्याला सांगण्यात अर्थ वाटेल. दोन-तीन शब्द तुम्हीही त्याच्याकडून शिका आणि तुमचा उच्चार चुकला तर त्याला दुरुस्त करू द्या. बाबांना आपण काही शिकवले, हा आनंद २१४ च्या आकड्यात मिळणारा नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. मला पुस्तकातले इंग्रजी समजते, पेपरमध्ये ३५ च्या वर गुण पडतात, पण सरांनी उभे केले की सगळे शब्द पळून जातात आणि मुले हसतात. मी घरी मोबाईलवर बोलायची तयारी करू शकते का? आईचा फोन संध्याकाळी एक तास मिळतो.

उत्तर : तुझे शब्द पळून जात नाहीत, भीती त्यांच्या वाटेत उभी राहते. परक्या भाषेच्या वर्गात वाटणारी भीती ही वेगळी भीती असते आणि हुशार मुलांनाही ती वाटते, हे एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये सविस्तर दाखवून दिले आहे. तेव्हा तुझ्यात काही उणीव आहे असे मुळीच मानू नकोस.

आईच्या फोनवर तू एक करू शकतेस. कीबोर्डवरील माइकच्या चिन्हाला स्पर्श करून बोलले, की आपले बोलणे अक्षरांत उमटते. भाषा म्हणून भारतीय इंग्रजी निवड, म्हणजे आपले उच्चार फोनला अधिक चांगले कळतील. दिवसभरातल्या एका गोष्टीबद्दल पाच वाक्ये बोल आणि फोनने काय लिहिले ते वाच. हैदराबादमध्ये सुगत मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना असेच बोलणे टिपणारे संगणक आणि काही इंग्रजी चित्रपट देऊन ठेवले होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार मोठ्यांनी फारसे न शिकवताही त्या मुलांचे उच्चार सुधारले. संगणकाला आपले बोलणे कळावे, एवढ्यासाठी ती मुले पुन्हा पुन्हा बोलून पाहत होती. मात्र फोनने चुकीचे लिहिले म्हणजे दर वेळी तूच चुकलीस असे नाही. त्यालाही ऐकण्यात चूक होते. तीन वेळा बोलूनही शब्द नीट उमटला नाही, तर तो बाजूला ठेवून पुढे जा.

फोन हसत नाही, ही त्याची मोठी गुणवत्ता आहे, पण तो तुझी मैत्रीणही नाही. म्हणून दोन आठवड्यांनी तीच पाच वाक्ये एका मैत्रिणीला म्हणून दाखव आणि तिची ऐक. सरांना वर्गाबाहेर भेटून एवढेच सांग, की मला उभे करण्यापूर्वी प्रश्न आदल्या दिवशी सांगाल का. बहुतेक शिक्षक हे आनंदाने मान्य करतात.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. बारावीचे विद्यार्थी निबंध आणि पत्रे चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. सगळे निबंध निर्दोष आणि सगळे एकसारखे. यंत्राने लिहिलेले ओळखणारे सॉफ्टवेअर वापरावे का, की गृहपाठच बंद करावा?

उत्तर : ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी अनेक साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी सरासरी यंत्राचे ठरवले. साधी, मोजक्या शब्दांतील वाक्ये त्यांना यंत्राची वाटतात. म्हणजे आपलाच प्रामाणिक, शब्दसंग्रह तोकडा असलेला विद्यार्थी आरोपी ठरण्याचा धोका आहे, आणि एकदा तसा आरोप झाला, की तो मुलगा पुन्हा मनापासून लिहील याची आशा धरू नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, पण त्याआधी गाईडमधले निबंध येतच होते, हे आपण विसरू नये. विद्यार्थी दुसऱ्याचे लिहून आणतात, कारण त्या विषयावर त्यांना स्वतःचे असे काही सांगायचे नसते आणि आपणही ते वाचून त्यांना काही विचारत नाही. आपण चुका मोजतो. प्रदूषणावरील निबंध जगात कोठेही लिहिता येतो. “या आठवड्यात तुमच्या भागात केळीला काय भाव मिळाला आणि त्यावर घरात काय बोलणे झाले” हे मात्र त्या घरातल्या मुलालाच माहीत असते. असा विषय देऊन पहिला खर्डा वर्गातच हाताने लिहून घ्या, पंधरा मिनिटांत, चुकांसकट. मग हवे तर तो खर्डा यंत्राला देऊन सुधारून आणायला सांगा, पण दोन्ही प्रती जोडायला लावा आणि खाली दोन गोष्टी लिहायला सांगा : यंत्राने केलेला कोणता बदल पटला व का, आणि कोणता बदल नाकारला व का. माझ्या अनुभवात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मुले सर्वाधिक विचार करतात. आपण लिहिलेल्या साध्या वाक्याच्या जागी यंत्राने भारदस्त शब्द घातला आणि वाक्यातला आपल्या घरचा माणूसच हरवला, हे एकदा त्यांच्या लक्षात आले, की स्वतःच्या वाक्याबद्दल त्यांना माया वाटू लागते.

सगळे गृहपाठ अशा रीतीने तपासणे एका शिक्षकाला शक्य नाही, याची मला जाणीव आहे. महिन्यातून एक पुरेसा आहे. शिवाय वही परत देताना प्रत्येकाला त्याच्या मजकुरातील एका वाक्याबद्दल एक प्रश्न तोंडी विचारा. उत्तर इंग्रजीत दोन शब्दांचे आले तरी चालेल. बारावीची परीक्षा शेवटी हातानेच लिहायची असते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे; त्यामुळे विरोध फार होणार नाही.

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यात घरी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करतो. माझे वय ४६. बाहेरच्या राज्यांतले आणि कधी परदेशी पाहुणे येतात. मुलगी मोबाईलवर भाषांतर करून देते, पण ती शिकायला बाहेर गेली की माझी पंचाईत होते. या वयात इंग्रजी बोलणे येईल का?

उत्तर : येईल, आणि ज्यांना रोज कोणीतरी खरोखर काही विचारते अशांना ते लवकर येते. शाळेतल्या मुलांसाठी आम्ही जी गरज मुद्दाम निर्माण करतो, ती तुमच्या ओटीवर आपण होऊन चालत येते.

व्याकरणाच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. पाहुण्यांशी बोलताना लागणारी पंचवीस-तीस वाक्ये मुलीच्या मदतीने निवडा : पाणी गरम कधी मिळेल, जेवण किती वाजता, मासळी आज कोणती आली, तिखट किती चालेल, भरतीच्या वेळी समुद्रात उतरू नका. ती वाक्ये मुलीच्या आवाजात तुमच्या फोनवर मुद्रित करून घ्या आणि स्वयंपाक करताना ऐकत त्यांच्या मागोमाग म्हणा. मासळीचा तुकडा काट्यासकट आहे, एखाद्या पदार्थात शेंगदाणे आहेत, अशा जिवाशी संबंध असलेल्या गोष्टींसाठी मात्र भाषांतराचे अॅपच वापरा आणि पाहुण्यांना लेखी दाखवा. तेथे अंदाजाने बोलू नये.

सुरमई आणि बांगड्याची नावे बदलू नका. सोलकढीचेही भाषांतर करू नका. वाटी समोर ठेवून “सोलकढी” म्हणा, आणि मग कोकम व नारळाचे दूध या दोन शब्दांचे इंग्रजी तेवढे पाठ करून ठेवा. पाहुणे पुढचा प्रश्न विचारतीलच. तो कोणता होता आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलेत, हे हंगाम संपल्यावर पत्राने अवश्य कळवा.